बंकर आधी की धर्मशाळा आधी?

वाचकांचे प्रश्न : प्रादेशिक कॅन्सर केंद्राचं नियोजन

लातूर, जळगाव, बीड, अमरावती अशा ठिकाणांहून आलेल्या पत्रांत एक विषय सारखा डोकावतो आहे : आपल्या भागात ‘जागतिक दर्जाचं’ कॅन्सर उपचार आणि संशोधन केंद्र व्हावं, पण ते उभारायचं कसं? किरणोपचार, वैद्यकीय भौतिकी, पॅथॉलॉजी आणि रुग्णालय-बांधकाम या कामांतल्या मंडळींनी मिळून ही उत्तरं दिली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या ट्रस्टला २० एकर जागा मिळाली आहे. ५०० खाटांचं केंद्र करावं असं सगळ्यांचं मत पडलं. किती खाटा, किती मशिनं, हा हिशेब कुठून सुरू करतात?
— एक विश्वस्त, लातूर

खाटांपासून तर नक्कीच नाही. कॅन्सरचा रुग्ण उपचारातले बहुतेक दिवस खाटेवर नसतोच. सकाळी येतो, लाईट (किरणोपचार) घेतो किंवा किमोचं सलाईन संपवतो आणि संध्याकाळी जातो. हिशेब लोकसंख्येपासून सुरू करा.

‘ग्लोबोकॅन’ या जागतिक कॅन्सर-आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४.१ लाख नवे रुग्ण होतात. ढोबळ मानाने लाख लोकांमागे १००. तुमच्या केंद्राकडे ५० लाख लोकसंख्येचा टापू येणार असेल, तर वर्षाला ५,००० नवे रुग्ण. ग्रामीण भागात नोंदले जाणारे दर शहरांपेक्षा कमी असतात, तेव्हा हा वरचा आकडा समजा. यांतल्या साधारण निम्म्या रुग्णांना कधी ना कधी किरणोपचार लागतात, म्हणजे २,५००.

आता मशीन. एक लिनॅक, म्हणजे किरणोपचाराचं मशीन, तासाला ४ रुग्ण घेतं. दिवसाचे ९ तास धरले तर ३६ रुग्ण, वर्षाचे २५० कामाचे दिवस धरले तर ९,००० बैठका. एका रुग्णाला सरासरी २० बैठका लागतात असं धरलं तर एका मशिनवर वर्षाला ४५० रुग्ण होतात. २,५०० भागिले ४५०, म्हणजे साडेपाच मशिनं.

म्हणून लगेच सहा घ्यायची नाहीत. पहिल्या दोन-तीन वर्षांत टापूतले सगळे रुग्ण तुमच्याकडे येणार नाहीत. चार बंकर, म्हणजे मशिनसाठीच्या जाड भिंतींच्या खोल्या, बांधा आणि दोन मशिनं घ्या. बंकर नंतर वाढवणं फार त्रासाचं असतं. शेजारी मशीन चालू असताना खोदकाम, कंपनं आणि धूळ परवडत नाही. मात्र एकाच मशिनवर केंद्र सुरू करू नका. ते बंद पडलं की त्या दिवशीचे ३६ रुग्ण परत जातात, आणि किरणोपचारात दिवस बुडणं म्हणजे औषधाचा डोस चुकणंच. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा सगळा उपचार, आतून दिलेल्या ब्रॅकीथेरपीसकट, आठ आठवड्यांत संपायला हवा. त्यापुढे लांबला की गाठ परत येण्याचा धोका वाढत जातो. दोन्ही मशिनं एकाच जातीची आणि किरणझोत जुळवलेली घेतलीत, तर एक बंद पडल्यावर त्यावरचे रुग्ण नवा आराखडा न करता दुसऱ्यावर हलवता येतात. ही अट निविदेत असते, नंतर मागून मिळत नाही.

मशीन न घेता मशीन वाढवण्याचाही एक मार्ग आहे. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी २५ बैठका देत. पुढे १५ बैठकांत ४० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) पुरेसं ठरलं, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीनंतर निवडक रुग्णांना ५ बैठकांत २६ ग्रे देता येतं. प्रोस्टेटला २० बैठकांत ६० ग्रे. कमी बैठकांचे असे आराखडे वापरणारं केंद्र त्याच मशिनवर कितीतरी जास्त रुग्ण बघतं, आणि रुग्णाचे महिनाभराचे हेलपाटे वाचतात ते वेगळेच.

किमोचा हिशेबही असाच होतो. वर्षाला २,००० रुग्ण आणि प्रत्येकाच्या ८ फेऱ्या धरल्या तर १६,००० फेऱ्या. त्यांना ३०० दिवसांनी भागलं की रोज ५३. एका खुर्चीवर दिवसात दोघं बसतात, म्हणून २७ खुर्च्या, तीस ठेवा. मोठ्या शस्त्रक्रिया एका थिएटरमध्ये दिवसाला दोन होतात, म्हणजे वर्षाला ५००. जबडा काढून पायाच्या हाडाने तो बांधायचा असेल तर दिवसाला एकच. सुरुवातीला तीन थिएटरं, सहा खाटांचं आयसीयू आणि शंभर-सव्वाशे खाटा यांत भागतं. ५०० खाटांची इमारत बांधली तर पहिली काही वर्षं निम्मे मजले कुलपात राहतील आणि लिफ्ट मात्र सगळ्या सांभाळाव्या लागतील.

लिनॅकच्या बंकरची भिंत किती जाड लागते? तयार इमारतीच्या तळघरात बंकर बसवता येतो का?
— एक बांधकाम अभियंता, जळगाव

तयार तळघरात बहुधा नाही. ते वजन पायाला पेलत नाही आणि उंचीही पुरत नाही. नव्या इमारतीत मात्र बंकर जमिनीखाली घेणं फायद्याचं, कारण बाहेरची माती फुकटची भिंत होते. छत तेवढं जाडच करावं लागतं.

जाडी कशी निघते ते एका उदाहरणाने पाहू. मशीन १० एमव्हीचं (मेगाव्होल्ट, झोताच्या ताकदीचं माप). आठवड्याला रुग्णाच्या जागी मिळून ५०० ग्रे. झोत त्या भिंतीकडे चौथा हिस्सा वेळ. भिंतीपलीकडे, झोताच्या उगमापासून ६ मीटरवर, सतत माणूस बसलेला. जनतेसाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे आठवड्याला ०.०२. एवढ्यावर आणायचं तर झोत सुमारे पावणेदोन लाख पटींनी कमी व्हायला हवा. १० एमव्हीला काँक्रीटचे पहिले ४१ सेंटिमीटर झोत दहापट कमी करतात, नंतरचा प्रत्येक दहावा हिस्सा ३७ सेंटिमीटरला. हिशेब १९८ सेंटिमीटरवर येतो, आणि त्यावर सुरक्षिततेची भर घालतात. झोत थेट जिथे पडतो त्या पट्ट्यात म्हणून दोन मीटरच्या वर जाडी दिसते, आणि इतर भिंतींना साधारण त्याच्या निम्मी. आधुनिक तंत्रात मशीन एकेका रुग्णामागे जास्त वेळ चालतं. त्याचा भार थेट पट्ट्यावर नव्हे, बाजूच्या भिंतींच्या गळतीवर पडतो. जुने नकाशे उतरवून काढणारे नेमके इथे फसतात.

हे गणित काँक्रीटची घनता घनसेंटिमीटरला २.३५ ग्रॅम धरून केलेलं आहे. साइटवर ती २.२५ भरली, तर दोन मीटरची भिंत १९१ सेंटिमीटरसारखी वागते आणि पलीकडची मात्रा सुमारे १.७ पट होते. तेव्हा क्यूबची (काँक्रीटच्या नमुना-ठोकळ्यांची) फक्त ताकद तपासू नका. प्रत्येक ओतणीच्या क्यूबचं वजन करून घनता लिहून ठेवा.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. एवढ्या जाड काँक्रीटमध्ये आत उष्णता कोंडते, पृष्ठभाग आधी गार होतो आणि तडे जातात. सिमेंटचा काही भाग फ्लाय ॲशने बदला, पाण्यात बर्फ घाला, मराठवाडा-खानदेशच्या उन्हाळ्यात रात्री ओता. ओतणीत खंड पडला तर सपाट सांधा ठेवू नका, खाच पाडा. शटरिंगचे आरपार बोल्ट काढून भोकं वाळू-सिमेंटने बुजवण्याची सवय इथे चालत नाही. सगळा माल वायब्रेटरने नीट बसला नाही तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळी राहते, आणि ती सापडते थेट मशीन लागल्यानंतरच्या सर्वेक्षणात. वायरिंगचे पाइप भिंतीतून सरळ काढायचे नाहीत. तिरपे आणि झोताच्या पातळीपासून दूर. एसीचे डक्ट दारावरून, नागमोडी बोळातूनच न्यायचे. १० एमव्हीच्या वर न्यूट्रॉनही तयार होतात, मग दारात शिशाबरोबर बोरॉन घातलेलं पॉलिथिन लागतं. ६ आणि १० वर काम भागत असताना १५ एमव्हीचा हट्ट का धरावा, हा प्रश्न खरेदी समितीत जरूर विचारा.

काळ्या मातीवर राफ्ट (सलग पाया) टाकू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मशिनचं मिलिमीटरचं गणित बिघडतं. घट्ट मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जा.

आणि क्रम पाळा. आधी मशीन निवडा, कारण जमिनीतल्या बेस फ्रेमचा खड्डा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. मग त्या नकाशावर अणुऊर्जा नियामक मंडळाची जागा-आराखडा मंजुरी घ्या. हे सगळं त्यांच्या ‘ईलोरा’ या ऑनलाइन प्रणालीवर होतं. मंजुरीनंतर बांधकाम, मग मशीन आणण्याची परवानगी, बसवणी, सर्वेक्षण आणि शेवटी चालवण्याचा परवाना. मशीन बंदरात आणि परवानगी अर्ध्यात अशी वेळ आली की रोजचं गोदामभाडं कोणी द्यायचं यावर बैठका सुरू होतात. मशीन बसल्यावरही रुग्ण लगेच घेता येत नाहीत. किरणझोत मोजून ते आकडे नियोजनाच्या संगणकात भरून पडताळायला दीड-दोन महिने द्या. हा काळ उद्घाटनाच्या तारखेसाठी कापायचा नसतो.

जाता जाता, चिलरला बोअरचं जड पाणी देऊ नका. क्षार साचून मशीन वारंवार तापतं आणि दोष मात्र मशिनला मिळतो.

जागतिक दर्जा म्हटलं की प्रोटॉन मशीन हवंच ना?
— एक वाचक, रत्नागिरी

नाही. प्रोटॉनचा खरा फायदा लहान मुलं, कवटीच्या तळाच्या गाठी, मणक्याजवळचे काही ट्यूमर अशा मोजक्या रुग्णांना होतो. चेन्नईत २०१९ पासून आणि टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक केंद्रात २०२३ पासून ही सोय आहे. त्या रुग्णाला वेळेत तिकडे पाठवण्याची पक्की व्यवस्था करा. तेवढ्या पैशांत आपल्याकडच्या तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या हजारो रुग्णांचा उपचार होतो. ब्रॅकीथेरपीचं मशीन नाही आणि प्रोटॉनची चर्चा चालू आहे, अशा बैठकीतून उठून जायला हरकत नाही.

पेट स्कॅनसाठी सायक्लोट्रॉनही आपलाच घ्यावा का?
— एक रेडिओलॉजिस्ट, सोलापूर

सुरुवातीला नको. पेट स्कॅनआधी टोचायच्या एफडीजी या औषधातलं, सायक्लोट्रॉनमध्ये बनणारं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. चार तासांच्या रस्त्यावरून आणलं तर १०० भागांपैकी २२ उरतात, म्हणजे साडेचारपट मागवावं लागतं. हे महाग असलं तरी दिवसाला आठ-दहा स्कॅन असेपर्यंत सायक्लोट्रॉन चालवण्यापेक्षा स्वस्तच पडतं. गाडी अडकली तर उपाशी बसलेले रुग्ण परत जातात, म्हणून मधुमेही आणि लांबून आलेल्यांना पहिल्या खेपेत घ्या. दुसऱ्या पुरवठादाराशी करार ठेवा. जागा मात्र तळमजल्यावर राखून ठेवा.

तालुक्याहून आम्ही पाठवलेल्या बायोप्सीचा ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असा रिपोर्ट वरचेवर येतो. मोठं केंद्र झालं की हे सुटेल का?
— एक सर्जन, बीड जिल्हा

आपोआप नाही सुटणार. नमुना बिघडतो तो बहुधा तुमच्या टेबलावर आणि रस्त्यात. केंद्रात कितीही भारी प्रयोगशाळा असली तरी सडलेला तुकडा ताजा होत नाही.

बाजारातलं फॉर्मॅलिन तसंच ओतू नका. एक भाग फॉर्मॅलिन आणि नऊ भाग पाणी, आणि लिटरमागे सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम व डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. हे क्षार नसतील तर द्रावण आंबट होतं आणि पेशींचे रंग बिघडतात. द्रावण तुकड्याच्या दहापट हवं. सलाईनमध्ये नमुना पाठवणं सर्वांत वाईट, आणि शनिवारी काढून सोमवारी पाठवायचा असेल तर घातकच. बाटली रुंद तोंडाची घ्या. अरुंद तोंडातून आत ढकललेली गाठ आत फुगून घट्ट होते आणि काढताना चिरडते.

स्तनाची अख्खी गाठ असेल तर काढल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी, आणि तीही पाच-दहा मिलिमीटरच्या चकत्या पाडून. फॉर्मॅलिन तासाला मिलिमीटरभरसुद्धा नीट आत शिरत नाही. चकत्या पाडल्या नाहीत तर बाहेरून कडक, आतून कुजलेली अशी गाठ पोहोचते. ६ ते ७२ तास या मर्यादेबाहेर राहिलेल्या नमुन्यावर ईआर, पीआर, हर-टू या (कोणतं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या) तपासण्यांचा भरवसा राहत नाही, आणि पुढचा सगळा खर्च त्याच तपासण्यांवर ठरतो. बाटलीवर काढल्याची आणि बुडवल्याची वेळ लिहा.

तोंडातल्या जखमेचा तुकडा मधल्या पांढऱ्या सडक्या भागातून घेऊ नका. कडेचा, थोडी चांगली त्वचा घेऊन, खोलवर घ्या.

नव्या केंद्राने करायचं काम एवढंच : तालुक्यांना भरलेल्या बाटल्या वाटायच्या, आठवड्यातून तीनदा गाडी फिरवायची आणि रिपोर्ट मोबाइलवर सर्जनला पाठवायचा. देशातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं, नॅशनल कॅन्सर ग्रिड, २०१२ पासून आहे. त्यात सामील झालात तर अवघड स्लाइडवर दुसरं मत मिळणं सोपं जातं.

प्रादेशिक केंद्रात खरंखुरं संशोधन होऊ शकतं का, की ते फक्त मुंबईचं काम?
— एक निवासी डॉक्टर, नागपूर

तुमच्या प्रश्नाला धाराशिवने आधीच उत्तर दिलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३० हजार स्त्रियांची गटवार चाचणी झाली. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीने आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. काम टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय आणि जागतिक संस्था यांनी मिळून केलं. ते शक्य झालं कारण बार्शीत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू होती. कोण आजारी पडलं आणि कोण गेलं, हे गावपातळीवर कळत होतं.

यांत महागडं यंत्र नव्हतं, हे लक्षात घ्या. आपल्याकडची आणखी दोन उदाहरणं तशीच आहेत. स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं साधं इंजेक्शन देऊन पाहणारी १,६०० रुग्णांची चाचणी ११ केंद्रांत झाली. २०२३ च्या निष्कर्षात पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झालं. डोक्या-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब या महागड्या इम्युनोथेरपी औषधाचा नेहमीपेक्षा कितीतरी लहान डोस, तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, साध्या गोळ्यांच्या उपचाराला जोडला, तर वर्षभर जगणारे १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. आपल्या रुग्णाला परवडणारं काय, हा प्रश्न दुसरा कोणी विचारणार नाही.

चाचणीत तुमचं केंद्र उतरवायचं तर पहिल्या दिवसापासून चार माणसं वेगळी ठेवा : दोन समन्वयक, एक माहिती-व्यवस्थापक आणि निदान अर्धवेळ संख्याशास्त्रज्ञ. डॉक्टरने ओपीडी संपवून रात्री फॉर्म भरायचे, ही पद्धत सहा महिन्यांत बंद पडते. नीतिमत्ता समिती २०१९ च्या औषध-चाचणी नियमांप्रमाणे नोंदवावी लागते. चाचणीची नोंद पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत करायची, नंतर नाही. २००९ च्या जूनपासून ती सक्तीची आहे. मराठी संमतीपत्र मराठीतच लिहा. इंग्रजीतून उतरवलेलं संमतीपत्र सही करणाऱ्याला कळत नाही, आणि समजावणाऱ्यालाही.

नमुन्यांची बँक करायची असेल तर उणे ८० अंशांच्या फ्रीझरवर विसंबून सगळं एकाच डब्यात ठेवू नका. एकाच नमुन्याचे दोन तुकडे दोन फ्रीझरांत, दोन वेगळ्या विद्युत्-मंडलांवर. एक रिकामा फ्रीझर कायम चालू ठेवा. अलार्म वॉचमनच्या खोलीत वाजून उपयोग नाही, तीन फोनवर गेला पाहिजे. वीज गेल्याने फ्रीझर मरतातच, शिवाय कंडेन्सरची जाळी साफ न केल्यानेही मरतात. रुग्णाची नोंद आणि नमुन्याचा क्रमांक यांचा मेळ पहिल्या हजारापर्यंत नीट बसला नाही, तर पुढचे दहा हजार नमुने फक्त बर्फ खातात.

किमोच्या खोलीत आम्ही औषधं साध्या टेबलावर मिसळतो. चालेल का?
— एक परिचारिका, सांगली

नाही. ज्या कपाटातली हवा गाळून बाहेर सोडली जाते, म्हणजे क्लास टू टाइप बी-टू, त्यातच मिसळा. हातात दोन मोजे, एक बाहीच्या आत आणि एक बाहीवर. व्हिन्क्रिस्टीन कधीही सिरिंजमध्ये भरून वॉर्डात पाठवू नका, ५० मिलिलिटरच्या छोट्या पिशवीत घालून पाठवा. पाठीच्या कण्यात द्यायच्या सिरिंजबरोबर त्याची अदलाबदल झाली तर रुग्ण वाचत नाही, आणि पिशवी कोणी कण्याच्या सुईला जोडायला जात नाही. शिरेबाहेर गेलेल्या डॉक्सोरुबिसिनवर थंड शेक द्यायचा, व्हिन्क्रिस्टीनवर गरम. ही पाटी खुर्चीसमोर लावा. उरलेलं औषध आणि कुप्या किमोचं चिन्ह असलेल्या पिवळ्या पिशवीत, पुढे १२०० अंशांच्या वर जाळण्यासाठी.

सरकारी अनुदान मिळालं तर केंद्र चालेल ना?
— जिल्हा परिषदेचे माजी सदस्य, अमरावती

उभं राहील. चालण्याचा हिशेब वेगळा. केंद्र सरकारच्या योजनेत राज्य कर्करोग संस्थेला १२० कोटी आणि तृतीयक केंद्राला ४५ कोटींपर्यंत मदतीची मर्यादा होती. एवढ्यात इमारत आणि यंत्रं येतात. दुरुस्ती, पगार आणि औषधं येत नाहीत. मशीन घेताना पाच वर्षांची वॉरंटी आणि त्यापुढच्या पाच वर्षांच्या सर्वसमावेशक देखभालीचा दर एकाच निविदेत बांधून घ्या. वॉरंटी संपल्यावर विचारलेला दर तुमच्या हातात नसतो. मशीन ९५ टक्के वेळ चालू हवं असं सगळेच लिहितात, पण पाच टक्के म्हणजे वर्षाला कामाचे १२ दिवस बंद. सलग किती दिवस बंद चालेल आणि त्यापुढे दंड किती, हे लिहा. ब्रॅकीथेरपीचं इरिडियम ७४ दिवसांत निम्मं होतं, म्हणून वर्षाला तीन-चार वेळा नवा स्रोत लागतो. हा खर्च अंदाजपत्रकात बऱ्याचदा विसरलेला असतो. लिनॅकचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं, तेव्हा पहिल्याच वर्षापासून बदलीची रक्कम बाजूला टाका.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं पाच लाखांचं कवच रुग्णाला मोठा आधार आहे. पण पैसे उपचारानंतर येतात. औषध-पुरवठादार तेवढा थांबत नाही. तीन-चार महिन्यांचं खेळतं भांडवल नसेल तर सहाव्या महिन्यात ‘औषध बाहेरून आणा’ सुरू होतं आणि योजनेचा हेतूच संपतो.

माणसं दोन वर्षं आधी शोधा. भौतिकीतज्ज्ञाशिवाय मशीन चालवायला परवानगी मिळत नाही, आणि असे पदवीधर देशात मोजकेच तयार होतात. आपल्याच जिल्ह्यातले एम.एस्सी. भौतिकशास्त्राचे दोघं-तिघं निवडा आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायला शिष्यवृत्ती द्या. घरच्या गावी परतणारा माणूस टिकतो.

आमच्याकडचे रुग्ण दहा दिवस लाईट घेतात आणि निघून येतात. पुढचा उपचार राहतोच. काय करावं?
— एक आरोग्य सेविका, नंदुरबार

शीर्षकातला प्रश्न खरं म्हणजे तुमचाच आहे, आणि आमचं उत्तर : दोन्हींचा नकाशा एकाच दिवशी काढा. तोंडाच्या कॅन्सरचे किरणोपचार सहा आठवडे चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, गिळता येत नाही. त्याच सुमारास जवळचे पैसे संपतात आणि सोबतच्या माणसाची मजुरी बुडत असते. रुग्ण निघून जातो तो याच आठवड्यात. अर्धा उपचार घेतलेल्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येत नाही, आणि उरलेल्या पेशी अधिक चिवट होतात.

दोन मशिनांवर रोज ७० रुग्ण धरा. निम्मे दूरचे, प्रत्येकासोबत एक माणूस, म्हणजे ७० जणांची राहण्याची सोय. त्यात किमोवाले मिळवले की शंभर. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा हेच काम वर्षानुवर्षं करते आहे. खोल्या मोठ्या नकोत. स्वयंपाकाचा ओटा, मऊ जेवण आणि आदिवासी भागातल्या बोलीत बोलणारं कोणीतरी हवं. किरणोपचाराआधी दात तपासून घ्या, नंतर काढलेल्या दाताची जखम जबड्याच्या हाडापर्यंत सडते. वजन आठवड्याला मोजा. पाच टक्के घटलं की वाट न बघता नाकातून नळी टाका. गैरहजर रुग्णाला त्याच दिवशी फोन जायला हवा, चौथ्या दिवशी नव्हे.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालयाने द्यायचा असतो. तो पहिल्याच दिवशी फायलीत लावा.

मशीन यायला अजून तीन वर्षं आहेत. तोपर्यंत हात बांधून बसायचं का?
— वरील विश्वस्तांचाच पुढचा प्रश्न, लातूर

तीन गोष्टींना बंकर लागत नाही. सिव्हिलमध्ये सहा खुर्च्यांचं किमो डे-केअर सुरू करा. पहिली मात्रा मोठ्या केंद्रात, पुढच्या इथे. दुसरं, वेदनाशमन. २०१४ च्या कायदा-दुरुस्तीनंतर मॉर्फिनसाठी रुग्णालयाने ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ एवढीच मान्यता घ्यायची असते, प्रशिक्षित डॉक्टर आणि साठ्याची वही असली की पुरते. गोळी दर चार तासांनी, आणि पहिल्याच दिवसापासून जोडीला जुलाबाचं औषध. ते दिलं नाही तर बद्धकोष्ठतेने रुग्ण मॉर्फिनच सोडतो.

तिसरं, नोंदणी. आजच एक कारकून बसवा. निदानाची तारीख म्हणजे बायोप्सीची तारीख, रिपोर्ट हातात आल्याची नव्हे. गावाच्या नावाबरोबर तालुका आणि जनगणनेतला गावाचा क्रमांक घ्या, कारण एकाच नावाची गावं जिल्ह्यात चार असतात. तंबाखू, मिश्री, खर्रा यांची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत. फोन नंबर तीन : घरचा, शेजाऱ्याचा आणि गावातल्या आशाताईंचा. नंबर वर्षभरात बदलतात, आशाताई सहसा बदलत नाहीत.